चार बटणं आणि चार टिकल्या : वाचकांचे कीबोर्डचे प्रश्न

गणपती दोन महिन्यांवर आले की या सदरात येणाऱ्या प्रश्नांची जातच बदलते. एरवी "कोणता कीबोर्ड घेऊ, बजेट पंधरा हजार" विचारणारी मंडळी एकदम "ऐनवेळी काय दाबू" वर येतात. यंदा तर अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, रजिस्ट्रेशन मेमरी, म्हणजे कीबोर्डचं सगळं सेटिंग एका बटणात साठवून ठेवायची सोय. कोणी प्रीसेट म्हणतं, कोणी मेमरी, आमच्या बेंजो पार्टीतली पोरं नुसतं "सेटिंग मारून ठेवलंय" म्हणतात, सगळं एकच. म्हणून आज दुसरं काही घेतच नाही.

प्रश्न : मी गिरगावात राहतो, वय ६७. रिटायर झाल्यावर यामाहाचा पीएसआर-ई४६३ घेतला, लहानपणी पेटी शिकलो होतो त्यामुळे हात बरा चालतो. आमच्या चाळीच्या गणपतीत भजनाला साथ करतो. घरी सगळं जमतं पण मंडपात बसलो की गोंधळ. व्हॉइस (वाद्याचा आवाज) बदलायला डायल फिरवतो तर स्टाइलच (आपोआप वाजणारी ठेक्याची साथ) बदलते, मध्येच टेम्पो भलताच असतो. गेल्या वर्षी भजन सुरू करायला गेलो आणि डिस्को बीट वाजला, सगळे हसले, मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. मुलगा म्हणतो मेमरीत सेव्ह करा. मॅन्युअल डोक्यावरून गेलं. सोप्या भाषेत सांगाल का?

उत्तर : काका, तुमचं वाजवणं चुकत नाहीये, चुकतोय तो डायल. त्या बिचाऱ्याला काय माहीत तुम्हाला स्टाइल हवीय की व्हॉइस, त्याच्या आधी तुम्ही कोणतं बटण दाबलंत तेवढंच त्याला कळतं, आणि समोर पंचवीस माणसं टाळ घेऊन बसलेली असताना आपण शेवटचं काय दाबलं ते कोणाच्या लक्षात राहणार! मेमरी करायची ती एवढ्याचसाठी की मंडपात डायलला हातच लावायचा नाही.

तुम्ही पेटी वाजवलीय म्हणून तसंच सांगतो. पेटीवाला बसल्या बसल्या आधी स्टॉप ओढून घेतो, भाता जरा मारून बघतो, मग सूर लावतो. मेमरी म्हणजे हे सगळं स्टॉप ओढणं एका बटणात. उजव्या हाताचा व्हॉइस, त्यावर चढवलेला दुसरा, डाव्या हाताचा वेगळा असेल तर तो, कीबोर्ड कुठे दुभागलाय तो पॉइंट, कोणती स्टाइल, तिचा आवाज किती, टेम्पो किती, ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवणं) किती, सगळं त्यात जातं. जात नाही तो मेन व्हॉल्यूमचा नॉब, तो हातानेच लावायचा.

तुमच्या मॉडेलवर चार मेमरी बटणं आहेत आणि आठ बँका (बँक म्हणजे त्या चार बटणांचा एक संच), म्हणजे एकूण ३२ जागा. एवढ्या जागा बघून माणूस हावरट होतो, मीही झालो होतो, ३२ च्या ३२ भरल्या आणि शोमध्ये मलाच कळेना कुठे काय आहे. तुम्ही तसं करू नका. एक भजन म्हणजे एक बँक, आणि पहिल्या वर्षी पाचच भजनं.

आता करायचं कसं ते. दुपारी चाळीतली पोरं शाळेत असतील तेव्हा बसा. पहिलं भजन घ्या. व्हॉइस लावा, स्टाइल लावा, टेम्पो लावा, वाजवून बघा, पटलं की बँक नंबर निवडून मेमरीचं बटण दाबून धरायचं आणि धरलेलं असतानाच १ नंबर दाबायचा. झालं. त्या जागेवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं हे मात्र ध्यानात ठेवा. आणि कीबोर्ड साँगच्या (भरलेली गाणी वाजवायच्या) मोडमध्ये असताना सेव्ह केलंत तर स्टाइलच्या गोष्टी त्यात जात नाहीत, बरेच जण इथे फसतात आणि मग "मेमरी खराब आहे" म्हणून दुकानात जातात.

यापुढची गोष्ट मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. २ नंबरचं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून बनवू नका. १ नंबर दाबा, त्यात फक्त एक गोष्ट बदला, आणि २ वर सेव्ह करा. मग २ वरून ३. असं केलं की चारही बटणं एकाच घरातली राहतात, एकातून दुसऱ्यात गेल्यावर भलतीच स्टाइल नाही येत, ट्रान्सपोज नाही पळत. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं बनवून एका बँकेत कोंबलं की धक्के बसतात.

भजनासाठी मी बटणांच्या जागा अशा ठरवल्यात. १ वर हार्मोनियमचा व्हॉइस आणि स्टाइल बंद, आलापाला आणि बुवा बोलत असतील तेव्हा. २ वर तोच व्हॉइस आणि स्टाइल चालू, साधी लय. ३ वर तेच सगळं पण लय चढवलेली. ४ वर आणखी चढवलेली, गजराला. कारण काका, भजनी ठेका आठ मात्रांचा, माणसं वाजवतात तेव्हा तो आपोआप चढत जातो, टाळवाल्यांना सांगावं लागत नाही, पण कीबोर्ड दगडासारखा ९६ वर बसलेला असतो आणि पाच मिनिटांत भजन पुढे आणि कीबोर्ड मागे. समजा २ वर ९६ ठेवलंत तर ३ वर ११२ आणि ४ वर १२८ ठेवून बघा. बटण समेच्या जरा आधी दाबायचं. घरी दहा वेळा करून बघा, तुमच्या कीबोर्डला किती आधी लागतं ते हाताला कळेल. आणि टेम्पोचे हे आकडे माझे, तुमच्या मंडळींची लय वेगळी असणार, एका तालमीला मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यावरून लावा. घरी एकट्याने ठरवलेली लय मंडपात कधीच खरी ठरत नाही.

प्रत्येक बँकेत जागा त्याच. १ म्हणजे नेहमी शांत, ४ म्हणजे नेहमी गजर. मग कोणतं भजन आहे याचा विचार डोक्याने करायचा आणि कुठे दाबायचं याचा बोटाने.

एक घरगुती उपाय. १ आणि ४ नंबरवर बायकोची टिकली चिकटवा. हसू नका, मी कित्येक वर्षं हेच करतो. अंधारात, चष्मा घसरलेला असताना, बोटाला टिकली लागली की कळतं कुठे आहोत. मी तर चारही बटणांना लावायचो, १ ला एक, ४ ला एक जाडी, मधल्या दोघांना बारीक. मंडपातल्या घामाने त्या सरकतात, म्हणून हल्ली नेलपॉलिशचा थेंब सुकवून ठेवतो, तो उंचवटा वर्षभर टिकतो.

सुरू करताना स्टार्टचं बटण नको, सिंक स्टार्ट दाबून ठेवा, डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरला की तेव्हाच ठेका सुरू होतो, म्हणजे बुवांनी तोंड उघडेपर्यंत तुम्ही थांबू शकता. आणि स्टाइलचा आवाज घरी हेडफोनवर जेवढा बरा वाटतो त्याच्यापेक्षा कमी करूनच सेव्ह करा, मंडपातले कॉलम स्पीकर बेसला असे फुगवतात की खरा पखवाज वाजवणारा उठून जातो.

प्रश्न : मी विलेपार्ल्याला राहते, कॉलेजला आहे, जुन्या मराठी गाण्यांच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवते. आमच्यात तीन गायक आहेत, प्रत्येकाची पट्टी वेगळी. मी सगळं पांढरी एकमधूनच वाजवते आणि ट्रान्सपोज करते. प्रत्येक गाण्याआधी प्लस मायनस दाबत बसावं लागतं. ट्रान्सपोज मेमरीत टाकावा का? सर म्हणतात टाकू नकोस.

उत्तर : तुझे सर आणि मी यावर बसलो तर दोन चहा होतील, कारण दोघांचंही बरोबर आहे.

हिशोब आधी. पांढरी एक म्हणजे सी. गायिका काळी चारमध्ये गात असेल म्हणजे जी शार्प, तर तुला अधिक ८ किंवा उणे ४. मी उणे ४ घेतो, अधिक ८ ने सगळेच व्हॉइस वर जाऊन किणकिणायला लागतात, बासरीची तर शिट्टी होते. गायक काळी एकचा असेल तर नुसतं अधिक १. ड्रम आणि तबल्याच्या किटवर ट्रान्सपोजचा परिणाम होत नाही, त्यामुळे तबल्याच्या किटचा सूर गाण्याच्या पट्टीला लागेलच असं नाही, काळी चारच्या गाण्यात तो थोडा बाजूला पडलेला ऐकू आला तर कान खराब झाले असं समजू नकोस.

आता माझी फजिती. दादरच्या एका हॉलमध्ये शो होता, बरीच वर्षं झाली. तालमीच्या दिवशी आमच्या गायिकेला सर्दी, तिने म्हटलं आज अर्धा सूर खाली घेऊया. मी खाली घेतलं, गाणं छान बसलं, आणि उत्साहात तिथल्या तिथे मेमरीवर सेव्ह केलं, की बाबा आता हे फायनल. शोच्या दिवशी तिचा गळा ठणठणीत. गाण्याची सुरुवात व्हायोलिन आणि बासरीची, ते आपले नेहमीच्या पट्टीत, चार आवर्तनं सुंदर, आणि मग मी ३ नंबर दाबून स्ट्रिंग्जचा मोठा कॉर्ड धरला. अर्धा सूर खाली. व्हायोलिनवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या घरात चपला घालून शिरलोय. मला कळेना काय झालं, कारण बोटं बरोबर पडत होती ना! दोन ओळी मी हात वर करून बसलो. लोकांना वाटलं अरेंजमेंटच तशी आहे, एका काकूंनी मध्यंतरात कौतुकही केलं.

तेव्हापासून माझा नियम असा. एकटा कीबोर्ड आणि एकच गायक असेल तर ट्रान्सपोज मेमरीत टाक, बिनधास्त. सोबत खरी वाद्यं असतील, किंवा गायकाचा मूड बदलण्याची शक्यता असेल (म्हणजे गायक असेल), तर मेमरीत शून्य ठेव आणि गाण्याआधी हाताने लाव. मधला रस्ताही आहे. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स सिरीजवर फ्रीझ नावाची सोय असते, ती लावली की बटण दाबल्यावर सगळं बदलतं पण तू गोठवलेली गोष्ट जागची हलत नाही, ट्रान्सपोज असं गोठवून ठेवता येतं. कोर्गच्या पीए सिरीजवर हेच काम कुलपाच्या चिन्हाने होतं. तुझ्या मॉडेलवर दोन्ही नसेल तर सरांचं ऐक.

आणखी एक, बँकांना नावं देता येत असतील तर नावात मुखड्याचे दोन शब्द आणि पट्टी दोन्ही लिही. "बॅलड २" असलं नाव चार महिन्यांनी तुलाच कळणार नाही.

प्रश्न : लालबागला आमची बेंजो पार्टी आहे. एसएक्स६०० वर आठही बटणं भरून ठेवली होती, पाद्यपूजनाची ऑर्डर होती, दुसऱ्या दिवशी चालू केला तर सगळं गायब. काही बटणं दाबली तर स्टाइलच येत नव्हती. कीबोर्ड बिघडलाय का?

उत्तर : बिघडला नाही भावा, तुमच्या दोन चुका एकत्र झाल्यात असं वाटतंय. या कीबोर्डवर बटणात भरणं वेगळं आणि ती आठ बटणं मिळून एक बँक म्हणून फाइल सेव्ह करणं वेगळं. बटणात भरलं की दिवा लागतो, माणसाला वाटतं झालं. पण बँकेची फाइल सेव्ह करायची राहिली आणि दुसरी बँक उघडली तर गेलं. शेवटचं बटण भरलं की लगेच सेव्ह, मध्ये चहा नाही.

स्टाइल येत नव्हती त्याचं कारण वेगळं. बाहेरून आणलेल्या ढोल-ताशाच्या, हलगीच्या स्टाइल पेनड्राइव्हवरच ठेवल्या होत्या ना? मेमरीत ती स्टाइल जात नाही, ती कुठे ठेवलीय तो पत्ता जातो. पेनड्राइव्ह कोणीतरी गाणी भरायला काढून नेला की पत्ता आहे पण घर नाही. स्टाइल कीबोर्डच्या आतल्या मेमरीत कॉपी करा, मग रजिस्ट्रेशन पुन्हा सेव्ह करा, जुनं बटण जुनाच पत्ता शोधत बसतं.

आणि सगळ्याचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर, तो कीबोर्डच्या बॅगेत नको, घरी कपाटात. शिवाय पोरांना सांगून ठेवा, उजवीकडची शेवटची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू करायचा नाही. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलवर तो रिसेटचा शॉर्टकट आहे. टेम्पोगाडीतून कीबोर्ड उतरवून एकजण कोपर टेकवून उभा आणि दुसऱ्याने स्विच मारला, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, बोरिवलीला क्लासला जाते. तिथल्या मॅडम मेमरी वापरायला शिकवतात. माझे सासरे म्हणतात हे बटणं दाबणं म्हणजे फसवणूक, खरा वादक हाताने वाजवतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, सासऱ्यांना हे वाचून दाखवा पण चहा देऊन मग. रजिस्ट्रेशन हा शब्दच मुळात चर्चमधल्या पाइप ऑर्गनचा, कोणते स्टॉप ओढायचे, कोणते बंद ठेवायचे, ही निवड म्हणजे रजिस्ट्रेशन, आणि ती वादनाचाच भाग मानतात. १९३५ साली हॅमंड ऑर्गन आला त्यातच डावीकडे उलट्या रंगाच्या, म्हणजे काळ्याच्या जागी पांढऱ्या आणि पांढऱ्याच्या जागी काळ्या अशा पट्ट्या होत्या, त्या सूर नाही वाजवायच्या, त्या प्रीसेट बदलायच्या. सिंथेसायझरवाल्यांना ही चैन बरीच उशिरा मिळाली. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आला, त्यात ४० आवाज साठवता यायचे, त्याच्या आधी लोक कागदावर नॉबची चित्रं काढून ठेवायचे आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती बघून नॉब फिरवायचे. ते काय जास्त खरे वादक होते असं नाही, त्यांना घाम जास्त यायचा.

परीक्षेचं म्हणाल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या पुस्तकात पीसच्या वरच व्हॉइस आणि स्टाइल छापलेली असते. म्हणजे आवाज निवडणं हा तिथे अभ्यासच आहे.

पण सासऱ्यांचा मुद्दा पूर्ण उडवून लावू नका. स्टाइल चालू असली की मुलांचा ताल कच्चा राहतो हे मी क्लासमध्ये रोज बघतो, मशीन थांबलं की मूल थांबतं. म्हणून घरी रियाजाला एक मेमरी अशी करून द्या की त्यात नुसता पियानो आहे, स्टाइल बंद, मेट्रोनोमसुद्धा बंद, आणि पायाने ताल धरायचा. रोज पहिली पंधरा मिनिटं तीच. मग बाकीची बटणं. आजोबांना शेजारी बसवून टाळी द्यायला सांगा, दोघांचंही भागेल.

प्रश्न : वन टच सेटिंग आणि रजिस्ट्रेशन यात फरक काय? दोन्ही बटणांनी आवाज बदलतो. (मुलुंड)

उत्तर : वन टच सेटिंग कंपनीने दिलेलं, स्टाइलला चिकटलेलं, ते त्या स्टाइलला शोभणारा व्हॉइस देतं पण स्टाइल बदलत नाही. रजिस्ट्रेशन तुमचं, ते स्टाइलसकट सगळं बदलतं. नवीन गाणं बसवताना वन टचने सुरुवात करा, त्यातलं जे आवडेल ते रजिस्ट्रेशनमध्ये ठेवा. मराठी गाण्यांना कंपनीचं सेटिंग जसंच्या तसं फार क्वचित चालतं, लावणीला सॅक्सोफोन देऊन मोकळे होतात.

प्रश्न : दोन्ही हात गुंतलेले असताना बटण दाबायचं कसं? पायाने जमतं का? (परळ)

उत्तर : एसएक्स सिरीजवर जमतं, पेडलला रजिस्ट्रेशन प्लस असं काम नेमून देता येतं आणि कोणत्या क्रमाने बटणं यावीत तेही ठरवता येतं. छोट्या मॉडेलवर ते जॅक बहुतेक सस्टेनपुरतं (सूर लांबवण्यापुरतं) असतं, तिथे गाण्यातच जागा शोधावी लागते. गायक ओळ संपवून श्वास घेतो ना, तिथे डाव्या हाताने कॉर्ड सोडला तरी स्टाइल तोच कॉर्ड धरून वाजत राहते, तेवढ्या वेळात डावा हात वर जाऊन बटण दाबून परत येतो. त्यासाठी सिंक स्टॉप बंद असायला हवं, ते चालू असेल तर हात उचलला की ठेकाच बंद पडेल. आणि पेडल घेतलंत तर त्याच्याखाली रबराचा तुकडा टाका, गुळगुळीत स्टेजवर ते सरकत सरकत ढोलकीवाल्याकडे जातं आणि तो त्यावर पाय ठेवून ताल धरतो.